झाडं कधी लावणार?

नदीकाठची वाळू-खडी उपसून टाकलेली जमीन वन्यजीवांसाठी परत उभी करायच्या कामात मी काही वर्षं आहे, आणि या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. बघायला आलेले साहेब विचारतात, पैसे देणारे विचारतात, पोरांना घेऊन आलेले सर विचारतात. सुरुवातीचं सगळं वर्ष आम्ही एक रोपसुद्धा लावलं नव्हतं, त्यामुळे लोकांना वाटायचं हे नुसतेच खड्ड्याभोवती काठ्या रोवत फिरतात. आता मी सरळ सांगून टाकते की झाडं हा या कामाचा बराच नंतरचा भाग आहे, आणि जागेच्या काही भागात तर तो नाहीच.

आधी जमीन कशी होती ते सांगते. उपसा बंद होऊन मशीनं निघून गेली की मागे जे राहतं त्याला जमीन म्हणायचं का हाच प्रश्न. आमच्याकडे नदीला लागून ओळीने तीन मोठे खड्डे, पाण्याने भरलेले, काठ इतके उभे की पाय घसरला तर वर यायला धरायला काही नाही. खड्डे आणि नदी यांच्यामध्ये मातीचा एक अरुंद बांध, तोही कुठे कुठे खचलेला. बाजूला चाळणीवर उरलेल्या गोट्यांचे ढीग, वाळू धुवून सोडलेल्या पाण्याचा एक गाळाचा तलाव जो वरून सुकलेला दिसतो आणि पाय ठेवला की मांडीपर्यंत आत जातो, आणि या सगळ्याच्या मधून डंपरचे रस्ते, दगडासारखे घट्ट. वरची चांगली माती कधीच गेलेली. उरलेल्या सगळ्या जागेवर वेडी बाभूळ, घाणेरी, गाजरगवत. लांबून बघितलं तर हिरवंगार दिसायचं हं, म्हणजे "ही जागा तर आपोआप सुधारलीये की" असं म्हणणारे पण भेटले.

पण मुख्य बिघाड दिसतो त्याच्या खाली असतो. नदी वाळू वाहून आणते आणि पुढे नेते, हा तिचा रोजचा व्यवहार. पात्रात मोठा खड्डा केला की वरून येणारी वाळू त्यात अडकते, पुढे जाणाऱ्या पाण्याकडे ओझं राहत नाही, मग ते पाणी खालचा तळ आणि काठ खरवडायला लागतं. नदीवाले लोक त्याला भुकेलं पाणी म्हणतात. आणि खड्ड्याच्या वरच्या तोंडाशी तळाला एकदम पायरी पडते, ती पायरी प्रत्येक पुरात थोडी थोडी वरच्या बाजूला सरकत जाते, म्हणजे उपसा एका जागी आणि पूल किंवा विहीर खचते ती बरीच वर. पात्र खाली गेलं की आजूबाजूचं भूजल पण खाली जातं आणि काठावरची जुनी झाडं उभ्या उभ्या वाळतात. जगात वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२२ चा अंदाज आहे. ती सगळी काही नदीतून येत नाही, पण नदीची वाळू धुतलेली, चाळलेली, हाताशी असते त्यामुळे पहिला डोळा तिच्यावरच.

तर पहिलं वर्ष गेलं पाणी मोजण्यात. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की त्यावर कोणी फोटोसुद्धा काढत नाही. प्रत्येक खड्ड्यात आणि नदीत रंगवलेली पट्टी, काठाकाठाने जमिनीत पुरलेले भोकं पाडलेले पीव्हीसी पाईप, आणि ठरलेल्या दिवशी जाऊन पाईपात टेप सोडून पाणी किती खोल लागतं ते वहीत लिहायचं. उन्हाळ्यात किती, पहिल्या पावसानंतर किती, पूर ओसरल्यावर किती दिवसांनी किती. यातून दोन गोष्टी कळल्या ज्या कुठल्याही नकाशात नव्हत्या. एक म्हणजे खड्ड्यातली पातळी नदीच्या पातळीच्या मागोमाग चालते, थोडी उशिरा, म्हणजे खालून पाझर चालू आहे आणि खड्डे भर उन्हाळ्यातही पूर्ण आटत नाहीत. दुसरं म्हणजे वरच्या टोकाला भूजल इतकं खाली गेलंय की तिथे ओलाव्यावर जगणारं काही लावणं म्हणजे पैसे पाण्यात, खरं तर पाण्यातही नाही, कोरड्या खडीत. तिथे मासेमारी करणारे एक आबा यायचे, त्यांनी काठीने जमिनीवर रेघा ओढून दाखवलं की उपशाच्या आधी नदीचा एक फाटा इकडून वाहायचा आणि पूर आला की कुठून आत शिरायचा. नंतर जुने सॅटेलाइट फोटो मिळाले, तर आबांची रेघ बऱ्यापैकी बरोबर होती.

मग मोठा वाद झाला तो खड्डे बुजवायचे का यावर. बुजवायला माती आणणार कुठून, दुसरीकडे खणूनच ना! आणि बाहेरून भराव आणला की त्यात बांधकामाचा राडारोडा, प्लास्टिक, आणि नको त्या तणांचं बी, सगळं येतं. शिवाय पाणी असणं वाईट नाहीच. वाईट आहे ते खोल, उभ्या काठाचं पाणी. अशा खोल खड्ड्यात उन्हाळ्यात वरचं पाणी गरम, खालचं गार, दोन्ही मिसळत नाहीत, तळाशी ऑक्सिजन संपतो. काठाला उथळ पट्टा नसल्यामुळे ना गवत उगवतं ना बेडूक अंडी घालतात ना बगळ्याला उभं राहायला जागा. मोठा तलाव दिसतो आणि त्यावर दोन पाणकावळे सोडून काही नसतं, ते यामुळे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड, खड्डे नदीला जोडायचे की वेगळे ठेवायचे. वेगळे ठेवले तरी मधला बांध कायम टिकेल याची खात्री नसते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ईस्ट फोर्क लुईस नावाची नदी आहे, तिथे १९९६ च्या पुरात नदीने काठ फोडला आणि जुन्या खडीच्या खड्ड्यांमधूनच वाहायला लागली, वाहतं थंड पाणी होतं तिथे साचलेलं कोमट पाणी झालं, आणि साल्मन माशांना ते चालत नाही. कॅलिफोर्नियात मर्सेड आणि टुओलम्नी नद्यांवर पण असाच प्रकार, खड्ड्यांमध्ये बाहेरून आणलेले बास मासे माजले आणि समुद्राकडे निघालेली साल्मनची पिल्लं त्यांच्या तोंडी. म्हणजे जोडलं की सुधारलं असं नाही. आपल्याकडे साल्मन नाही पण तिलापिया आणि गप्पीचा भाऊबंद गॅम्बुशिया हे बाहेरून आलेले मासे आहेत, ते आमच्या खड्ड्यांत भरपूर होते.

शेवटी आम्ही मधला रस्ता काढला. वरच्या बाजूचा बांध बळकट ठेवला आणि खालच्या टोकाला बांधाचा एक लांब तुकडा मुद्दाम खाली उतरवला, दगड बसवून, सांडव्यासारखा. पूर चढायला लागला की पाणी खालच्या टोकाने उलटं, सावकाश आत शिरतं, खड्डा आधीच भरलेला असतो, त्यामुळे वरून बांध ओलांडून पाणी आलंच तरी ते धबधब्यासारखं पडून कापत नाही, पाण्यावर पाणी येतं. आणि पूर उतरताना त्याच उतारावरून पाणी बाहेर जातं म्हणजे आत आलेले मासे डबक्यात अडकून मरत नाहीत. हे डिझाइन आमच्या इंजिनियर मॅडमचं, मी फक्त वहीतले आकडे दिले.

आता मातीचं. आमच्या आधी त्या जागेवर कोणीतरी वृक्षारोपण करून गेलं होतं. ओळीत खड्डे, ओळीत रोपं, त्यातली बरीचशी मेलेली आणि उरलेली गुडघ्याएवढी, वर्षानुवर्षं तेवढीच. आम्ही त्यातली काही मेलेली रोपं पहारीने काळजीपूर्वक उकरून काढली. मूळ वीतभर सरळ खाली गेलेलं आणि मग छत्रीच्या मुठीसारखं वळून आडवं, आणि पुढे खड्ड्याच्या कडेकडेने गोल गोल. खालची माती डंपरने इतकी दाबली होती की पहार मारली तर टण् आवाज यायचा आणि हाताला झिणझिण्या. पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पाणी तुंबायचं, मुळं सडायची, उन्हाळ्यात तीच माती विटेसारखी. रोप पाण्याअभावी मेलं म्हणून लोक टँकर लावतात, खरं कारण हे असतं.

त्यामुळे जिथे पुढे झाडी हवी होती तिथे आधी जमीन फोडून घेतली. पोकलेनला मागे रिपरचा दात लावून दोन-अडीच फूट खोल, आडव्या-उभ्या रेघा, आणि माती पूर्ण कोरडी असतानाच, कारण ओल्या मातीत रिपर नुसता कापत जातो, ती फुटत नाही. त्यानंतर त्यावर एकही गाडी जाऊ द्यायची नाही. हे शेवटचं सांगायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण प्रत्येक ड्रायव्हरला सपाट, छान दाबलेली जमीन म्हणजे चांगलं काम असं शिकवलेलं असतं. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन डोंगरातल्या कोळशाच्या खाणींवर जंगल परत आणण्याची जी पद्धत आहे तिचा तर मुख्य नियमच हा की वरचा किमान ४ फुटांचा थर सैल राहिला पाहिजे, वरून ओबडधोबड दिसला तरी चालेल. ओबडधोबडच हवा खरं तर, खळग्यात पाणी आणि बी दोन्ही थांबतं.

मशीनचं काम चालू झालं तेव्हा ऑपरेटर दादांशी आमची रोजची जुगलबंदी. माणूस हाताचा इतका पक्का की बकेटने अंडं उचलेल, आणि तोच त्रास होता. सांगितलं काठाला उतार द्या, तर दोरी लावल्यासारखा एकसारखा उतार. "ताई, लेव्हल बघा, एक इंच फरक नाही." मी म्हणायचे दादा, मला फरकच हवाय. इथे काठ आत घ्या, इथे बाहेर काढा, इथे एक जीभ पाण्यात सोडा, इथे मुद्दाम एक खड्डा राहू द्या. ते मान हलवायचे आणि परत सरळ करायचे. शेवटी एक दिवस मी त्यांना म्हटलं, जेवायच्या सुट्टीआधी जसं घाईघाईत काम कराल तसं करा. हसले, पण त्यानंतर जे काठ झाले ते झकास, वाकडे-तिकडे, खाचाखोचांचे. वाकडा काठ म्हणजे त्याच खड्ड्याला जास्त लांबीचा काठ, आणि बदकांच्या दोन जोड्यांना एकमेकांना न दिसता घरटं करायला जागा.

उताराचा हिशोब साधारण असा ठेवला की एका बाजूला दहा ते वीस मीटर चालत गेलं तर एक मीटर खोली मिळावी. चिखल्या, तुतारी, शेकाट्या हे सगळे घोटाभर पाण्यातले पक्षी, एक वीत पाणी वाढलं की त्यांच्यासाठी ती जागा संपली. पाणी उतरत जाईल तसा हा घोटाभर पाण्याचा पट्टा पण उतारावरून खाली सरकत जातो, म्हणजे हंगामभर कुठे ना कुठे तो असतोच. उभ्या काठावर तो कधीच नसतो. काढलेली माती बाहेर न नेता पाण्यातच उंचवटे केले, दोन बेटं, पाण्यापासून थोडीच वर. बेटाभोवती पाणी पुरेसं खोल आणि रुंद ठेवलं कारण उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि बेटाला जमीन लागली की त्याच दिवशी कुत्री पोचतात. गाळाच्या तलावाला मात्र आम्ही हातच लावला नाही. तिथे मशीन घालणं म्हणजे मशीन घालवणं. भोवती कुंपण, बोर्ड, आणि कडेने बोरूची मुळं खोचून दिली. बोरूला असला बारीक गाळ आणि फूटभर पाणी म्हणजे स्वर्ग. इंग्लंडमध्ये केंब्रिजशरला ऊज नदीकाठी वाळू-खडीच्या खाणीचं असंच बोरूच्या दलदलीत रूपांतर चालू आहे, सुमारे ७०० हेक्टरची योजना, पुढे उपसा चालू आणि मागे पाणथळ तयार होत जाते. ते वाचून मला बरं वाटलं ते एका गोष्टीसाठी, की तिथे मुदतच ३० वर्षांची धरली होती.

आता माझा आवडता विषय, दरड. दुसऱ्या खड्ड्याच्या मागे वाळूमिश्रित मातीची एक उभी कड होती, दोन-तीन मीटर उंच, उपशात कापलेली. प्लॅनमध्ये तिला पण उतार द्यायचा असं लिहिलेलं, सुरक्षिततेसाठी. त्या कडेवर हाताच्या मुठीएवढी गोल भोकं होती आणि प्रत्येक भोकाखाली ताज्या वाळूची छोटीशी घसरगुंडी. वेडे राघू. बाजूच्या तारेवर ओळीने बसलेले, चोचीत चतुर धरून, शेपटी खाली-वर करत. भोक आत आडवं मीटरभर किंवा जास्तच जातं आणि टोकाला खोली, अंडी तिथे. खंड्यालाही अशीच कड लागते, वाळूत बिळं करणाऱ्या भिंगऱ्यांना पण. पूर्वी नदी स्वतः वळणावर काठ कापून दरवर्षी अशी ताजी दरड करून द्यायची, आता काठ दगडी भिंतींनी बांधलेले, मग हे पक्षी खाणीत येतात. २०२२ साली इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये युरोपातल्या वेड्या राघूंनी घरटी केली ती पण एका बंद पडलेल्या वाळूच्या खाणीतच.

तर ती कड ठेवायची म्हणून मी हट्ट धरला, मीटिंगमध्ये आवाज पण चढला. शेवटी ठरलं ते असं की वरच्या काठापासून मागे काटेरी झुडपांचं कुंपण, म्हणजे कोणी टोकावर जाऊन उभं राहणार नाही, आणि खाली पायाशी पाण्याचा चर, म्हणजे मुंगूस आणि माणूस दोघंही लांब. पण दरड ठेवली की विषय संपला असं नाही. ती पावसाने ढासळते, तिचा उतार होतो, त्यावर गवत चढतं, गवतावरून साप चढतो, जुन्या भोकांत गोचीड-पिसवा साठतात. म्हणून विणीच्या हंगामाआधी तिचा एक तुकडा परत उभा कापून द्यायचा, आलटून पालटून, दरवर्षी वेगळा तुकडा. नदी जे फुकट करायची ते आता पोकलेन लावून करावं लागतं, हे जरा हास्यास्पद आहे, पण आहे.

याहून जास्त भांडण उघड्या खडीवरून. नुसते गोटे, वाळू, काहीच उगवलेलं नाही असा पट्टा आम्ही मुद्दाम उघडा ठेवला, आणि ज्याला त्याला तीच जागा "रिकामी" दिसते. "इथे पण लावून टाकू की." पण कंठेरी चिखल्या, आर्ली, नदी टिटवी, सुरय ही मंडळी घरटं बांधतच नाहीत, खडीत एक खळगा करून गोट्यांच्या रंगाची अंडी घालतात, तुम्ही वाकून बघत असाल तरी दिसत नाहीत आणि पाय पडतो. त्यांना चारी बाजूंनी मोकळं दिसायला हवं. गवत वाढलं की ते जागा सोडतात. हाच कंठेरी चिखल्या ब्रिटनमध्ये १९३८ साली पहिल्यांदा विणीसाठी आला, ट्रिंगच्या जलाशयावर, आणि नंतर देशभर पसरला तो मुख्यतः खडीच्या खाणींमुळे! चंबळ नदीवर सुसर आणि पाणचिरा पक्षी टिकून आहेत ते तिथल्या उघड्या वाळूमुळे, सुसर तर अंडी घालायला वाळूतच खड्डा करते. हिरवं म्हणजे चांगलं आणि उघडं म्हणजे खराब हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की उघड्या वाळूची बाजू मांडताना मलाच वकिली केल्यासारखं वाटतं. एका उत्साही ग्रुपने आम्ही नसताना तिथे बियांचे गोळे टाकले होते. चांगल्या मनाने टाकले, आम्ही वेचून काढले, दोन्ही बाजू नाराज.

सुपीक मातीचंही तसंच. बऱ्याच जणांनी गाळ-खत आणून पसरा असं सुचवलं. जिथे झाडी हवी तिथे मोजक्या खळग्यांत आम्ही तो टाकलाही, पण सगळीकडे नाही, कारण सुपीक माती मिळाली की पहिल्या पावसात गाजरगवत छातीएवढं होतं आणि सावकाश वाढणारं स्थानिक गवत त्याखाली गुदमरतं. हलक्या, भुकेल्या मातीत तणांचाही जोर कमी असतो.

तणांचं काम खरं कष्टाचं. घाणेरी नुसती कापली की दुप्पट फुटते, हे करून बघितलेला प्रत्येक जण सांगेल. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या गटाने कॉर्बेटमध्ये वापरलेली पद्धत आम्ही घेतली, जमिनीच्या थोडं खाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून तिथेच टाकायचं. माणूस एकदा शिकला की भराभर होतं. वेड्या बाभळीचं तसं नाही. जोधपूरच्या राव जोधा पार्कमध्ये कातळात घुसलेल्या तिच्या मुळांसाठी शेवटी खाणीत दगड फोडणारे कामगार बोलावले होते, यावरून समजा. आम्हाला कातळ नव्हता तरी मूळ काढताना दोन-दोन माणसं एका झाडाला लागायची. आणि सगळी एकदम काढायची नाहीत, कारण तिच्यावर बगळ्यांची रातथाऱ्याची जागा होती, टप्प्याटप्प्याने, पलीकडे वाळुंज, हे नदीकाठचं झाड, उभा राहीपर्यंत.

वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या तोडून सरळ जमिनीत ठोकायच्या, खुंटासारख्या, निम्म्याहून जास्त जमिनीत, खालचं टोक ओलाव्याला लागलं पाहिजे. इथे वहीतले ते कंटाळवाणे आकडे कामाला आले, पाईपात पाणी जिथे हाताला लागेल इतकं वर होतं तिथेच खुंट ठोकले आणि ते लागले. बियांपासून येणाऱ्या रोपांचं गणित अजून नाजूक असतं. नदीकाठच्या पॉप्लरवर उत्तर अमेरिकेत जो अभ्यास झालाय त्यात पाणी दिवसाला साधारण २.५ सेंटिमीटरपेक्षा वेगाने खाली गेलं की कोवळ्या रोपाचं मूळ मागे पडतं आणि रोप मरतं असं दिसलं. आपली झाडं वेगळी, पण तत्त्व तेच, पूर ओसरतो किती सावकाश यावर काठाचं जंगल ठरतं. पात्राच्या गोट्यांमध्ये शेरणी आणि लव्हाळा, उतारावर कास, त्याच्या वर वाळुंज आणि करंज, आणि अगदी वर, जिथे पुराचं पाणी क्वचितच येतं तिथे अर्जुन, उंबर, जांभूळ. ओळी नाहीत, पुंजके.

मग पूर आला. मोठा. मी काठावर छत्री घेऊन उभी आणि पाणी खालच्या सांडव्यावरून आत येताना बघत होते, गढूळ, सावकाश, खड्ड्यातल्या निळसर पाण्यात तपकिरी ढग पसरत चाललेला. वरचा बांध टिकला. एका बेटाचं टोक गेलं, काही खुंट गेले, उघड्या खडीवर झालेलं सगळं तण साफ झालं आणि त्यावर नवीन वाळूचा थर येऊन बसला, म्हणजे जे काम आम्ही मजूर लावून करणार होतो ते झालं. पूर ओसरल्यावर काठाच्या गाळात बारीक बारीक रोपं उगवलेली, आम्ही न लावलेली, वरून वाहून आलेल्या बियांची. त्यात तणं पण होती, आणि जलपर्णीचे पुंजके पण आले, ते पहिल्या आठवड्यातच बाहेर काढले. जलपर्णीला एक महिना दिला की मग ती तुम्हाला वेळ देत नाही.

कोण कोण आलं याची यादी लांब आहे, ती इथे लिहीत नाही. चतुर आणि टाचण्या सगळ्यात आधी, मग बेडूक, मग त्यांना खाणारे. उथळ पट्ट्यात थंडीत पाहुणे पक्षी उतरले. मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो एका दगडावरच्या घाणीचा. काळपट, ओलसर, माशांच्या खवल्यांनी आणि खेकड्याच्या कवचांच्या तुकड्यांनी भरलेली, वास असा की एकदा नाकात गेला की विसरत नाही. ऊद, म्हणजे पाणमांजर. कॅमेरा लावला तर नंतर रात्रीचे फोटो मिळाले. ते इथेच राहतात असं मी म्हणणार नाही, नदीवरून जाता-येता खड्ड्यात तिलापिया खायला येतात बहुतेक, आणि खाऊ देत, तेवढाच आमचा भार हलका.

न सुटलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. तिलापिया आणि गॅम्बुशिया पूर्ण जाणार नाहीत, नदीतूनच परत येतात. कुत्री आहेत. फोटोग्राफर आहेत, दरडीच्या अगदी समोर लेन्स लावून बसतात आणि वेडा राघू चोचीत किडा घेऊन तासभर तारेवरच बसून राहतो, त्यासाठी आता बाजूला आडोसा करून दिलाय, तिथून बघा म्हणावं. गुरं पूर्ण बंद करायची का यावर मी मत बदललं, थोडी चराई गवत आटोक्यात ठेवते, फक्त विणीच्या महिन्यांत खडीवर नको, तेवढं गुराख्यांशी बोलून ठरलंय आणि ते पाळतात. पैशाचं मात्र असं आहे की खणायला, लावायला, उद्घाटनाला मिळतात, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी तण काढायला आणि दरड कापायला कोणी देत नाही, खरी गरज तेव्हाच असते.

सध्या गाडी अडलीये ती तिसऱ्या खड्ड्यावर. तो नदीच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे, तिथे नदीचा जोर थेट बांधावर येतो आणि प्रत्येक पुरात बांध थोडा बारीक होतो. एक मत असं की दगडी पिचिंग करून, म्हणजे बांधाला दगडांचं अस्तर लावून, तो पक्का करा. माझं आणि इंजिनियर मॅडमचं मत असं की आतून गोट्यांचे ढीग ढकलून खड्डा नदीच्या तळाएवढा उथळ करून घ्यावा आणि मग नदी आलीच तर येऊ द्यावी, तिला फिरायला तेवढी जागा मिळेल आणि नवी दरड ती स्वतःच कापेल. पण ढीग पुरतील का हे मोजायचंय, आणि पाणी उतरल्याशिवाय खड्ड्याचा तळ नीट मोजता येत नाही. पिचिंगचं एस्टिमेट टेबलावर येऊन पडलंय, त्यावर आम्ही अजून सही केलेली नाही.